डबी महाग, हात आखडता

मेडिकलच्या दुकानात ग्लिसरीनची बाटली आतल्या फळीवर, खोकल्याच्या औषधाशेजारी उभी असते. तिचे श्रीमंत नातेवाईक, म्हणजे महागडी क्रीमं, पुढे, दिवे लावलेल्या काचेच्या कपाटात. पुण्याच्या कोरड्या थंडीत गाल तडतडायला लागले की दोघांकडून काम एकच हवं असतं: कातडीतलं पाणी उडू नये. कपाटातल्या डब्यांवरची यादी वाचावी तर वरच्याच ओळीत पुन्हा ग्लिसरीन भेटतं. आणि पाणी अडवण्याच्या कामात पेट्रोलियम जेलीच्या पुढे जाईल असं अजून फारसं काही निघालेलं नाही. तिचं पेटंट १८७२ सालचं!

माझी भाची हिंजवडीला नोकरी करते. तिच्या आरशापुढे एक जाड काचेची डबी आहे. बाहेरून आमटीच्या वाटीएवढी, आत क्रीम मावतं ते जेमतेम चमचाभर. "मावशी, यात कोलॅजेन आहे," ती म्हणाली. असेलही. पण कोलॅजेन हे कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन, त्याचा रेणू तीन लाख डाल्टनच्या (रेणूचं वजन मोजायचं माप) घरातला, आणि कातडीच्या वरच्या थरातून पाचशे डाल्टनच्या पुढचं सहसा काही आत शिरत नाही. तो बिचारा दारातच बसतो. तिथे बसून थोडं पाणी धरतो म्हणा, पण तेवढ्यासाठी खोकल्याच्या औषधाशेजारची बाटली आहेच.

डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचणं हा माझा आवडता उद्योग (जन्म सदाशिव पेठेतला, दुसरं काय होणार). घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेल्यांना मात्र कुठल्याही क्रमाने बसवता येतं. फिनॉक्सीइथेनॉल नावाचं, क्रीम खराब होऊ नये म्हणून घालायचं द्रव्य असतं, ते एक टक्क्याच्या वर घालत नाहीत. ते सापडलं की त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघायचं; मागचं सगळं एक टक्का किंवा त्याहूनही कमी. भाचीच्या डबीत त्याच्या मागे ऑर्किडचा अर्क, मोत्याची भुकटी आणि चक्क सोनं होतं. पुढे पाणी, ग्लिसरीन आणि सिलिकॉन. खोक्यावर फोटो अर्थात ऑर्किडचा.

तिच्या पगारातून ती घेते, माझी हरकत नाही. मला खुपतं ते वेगळंच. वस्तू महाग असली की हात आखडतो. सनस्क्रीनच्या बाबतीत तर हे फारच बाधतं. एसपीएफचा, म्हणजे सनस्क्रीन उन्हापासून किती वाचवतं त्याचा, आकडा काढताना प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर देतात. घरच्या भाषेत, चेहरा आणि मान यांच्यासाठी दोन बोटांवर टोकापासून बुडापर्यंत काढलेल्या दोन जाड रेघा. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदाच लावली तरी दीड महिन्याच्या आसपास संपली पाहिजे. भाचीची दिवाळीला आणलेली ट्यूब होळीला अजून टम्म! केशराच्या काड्या मोजाव्यात तशी ती कपाळावर, नाकावर, गालांवर एकेक ठिपका देते. अशा ठिपक्यांतून ट्यूबवरचा एसपीएफ ५० चा आकडा चेहऱ्यावर कुठला उतरायला? त्यापेक्षा साधं एसपीएफ ३० भरपूर लावावं. नीट लावलं तर उन्हातल्या, कातडी भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के त्याने अडतात, ५० ने ९८. पिळताना किंमत आठवणार नाही असं सनस्क्रीन घ्यावं, एवढंच माझं मत. फर्ग्युसन रस्त्यावर डोळे सोडून अख्खं तोंड स्कार्फमध्ये गुंडाळून स्कूटर हाकणाऱ्या मुलींना बाहेरगावचे लोक हसतात, पण स्कार्फ कमी लागला असं कधी होत नाही.

काही ठिकाणी जास्तीचे पैसे मलाही पटतात. व्हिटॅमिन सी हवेने आणि उजेडाने बिघडतं. पारदर्शक बाटलीतलं स्वस्त सीरम चहाच्या रंगाचं झालं की मोरीत ओतायचं. तिथे हवाबंद पंपाचे चार पैसे जास्त द्यावेत. सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखी न दिसणारी सनस्क्रीनही थोडी महाग पडतात. पण जे लावून ऑफिसला जायची लाज वाटत नाही, तेच रोज लावलं जातं.

आत्याला या कशाशीच देणंघेणं नाही. ओठ फुटो, टाच फुटो, तिचं उत्तर कैलास जीवन. बोटभर काढते, कापराच्या वासाने खोली भरून टाकते आणि वर पायमोजे चढवते. मात्र दिवाळी आली की हीच आत्या वाण्याच्या यादीत सगळ्यात वर मोती साबण लिहिते. साध्या साबणापेक्षा त्याने मळ जास्त निघतो का, असं नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरात आजवर कुणी विचारलेलं नाही. पैसे वासाचे, आणि ते खुशीने दिलेले.

हे सगळं भाचीला ऐकवलं. तिने मान डोलावली. "पटलं मावशी. सनस्क्रीन आता स्वस्तातलं घेते आणि थापते. ती डबी मात्र पुढच्या वेळी तू घेऊन दे, मोती साबणाच्या खात्यात." ती संपत आली आहे, हेही लगेच सांगून टाकलं.