अंगठा उठत नाही

एप्रिल-मेमध्ये आमच्या ओपीडीत हात जळालेल्या बायका रोज येतात. वेंगुर्ला-सावंतवाडीच्या पट्ट्यात काजूचा हंगाम म्हणजे काळी पडलेली बोटं, सोललेले तळवे, मनगटावर पुरळ. मलम लिहायचं, "चार दिवस काजूला हात लावू नका" म्हणायचं, पुढचा नंबर घ्यायचा. त्यामुळे साठीच्या पुढच्या त्या काकींनी दोन्ही पंजे टेबलावर उताणे ठेवले, तेव्हा माझा हात सवयीने पॅडकडे गेला होता.

"औषध नको बाय," त्या म्हणाल्या. "माका आंगठो व्हयो."

तीन महिने रेशन दुकानातल्या यंत्रावर त्यांचा अंगठा उठत नव्हता. दहाही बोटं लावून झाली होती. ओटीपी मुंबईला मुलाच्या मोबाइलवर जातो आणि ड्यूटीवर असताना तो मोबाइल त्याच्या हातात नसतो. शेवटी दुकानदाराने सांगितलं, डॉक्टरचा दाखला आणा. कशाचा, ते त्यालाही सांगता आलं नव्हतं. बोट उठत नसेल तर माणसाला रिकाम्या पिशवीने परत पाठवू नये, एवढी सोय कागदावर असते. ती गावातल्या दुकानापर्यंत पोहोचत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

बोटांवर टॉर्च तिरका धरला. एरवी असा उजेड टाकला की बोटाच्या पेरावर सऱ्या दिसतात आणि प्रत्येक सरीच्या माथ्यावर घामाची बारीक छिद्रं, ओळीने. काकींचं पेर टाकी लावायला आलेल्या पाट्यासारखं गुळगुळीत होतं. मध्ये एक-दोन भेगा, कडेने तपकिरी पापुद्रा.

आधी कुष्ठरोगाची शंका मनात आली, म्हणून कोपरामागची नस चाचपली. जाड नव्हती. कॅन्सरची काही औषधं चालू आहेत का तेही विचारलं, कारण कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळहात सोलवटून ठसे गेल्याची नोंद आहे. तसंही काही नव्हतं. मग कागदाच्या क्लिपची दोन टोकं वाकवून ३ मिलिमीटरवर आणली आणि त्यांना डोळे मिटायला सांगितलं. कधी एक टोक टेकवत होते, कधी दोन. एकदाही चुकल्या नाहीत. तरुण माणसाच्या बोटालासुद्धा ही परीक्षा सोपी नसते.

"बी फोडल्यार गर अख्खो हा की तुटलो, ता बोटाकच कळता," त्या म्हणाल्या. "हातमोजो घातलो तर गर गावना नाय." कारखान्यात किलोवर मजुरी आणि तुकडा पडला की पैसे कमी. मोजे त्यांना मिळाले होते, घरी खुंटीला होते.

जे यंत्राला दिसत नाही ते बोटाला कसं कळतं, हे मी त्यांना टेबलावरच कागद दुमडून दाखवलं. त्वचेचा वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. तिच्याखाली अंतस्त्वचा, आणि तिचे बारीक उंचवटे खालून वर घुसलेले असतात. हलका स्पर्श ओळखणारी टोकं त्या उंचवट्यांत बसलेली. ठशाची मूळ घडीही तिथलीच, पोटात असताना सहाव्या महिन्याच्या आत पडलेली. वरचा थर त्या घडीवर घातलेल्या चादरीसारखा असतो. काजूच्या टरफलातल्या तेलाने चादर गेली होती, घडी शाबूत होती.

हे तेल वाईट असतं. अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल, दोन्ही फिनॉलच्या जातीची, मागे लांब तेलकट शेपूट. त्वचेचा सगळ्यात बाहेरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींच्या विटा आणि मध्ये चरबीचा गिलावा. पाणी त्याने अडतं, पण तेलकट वस्तू गिलाव्यातूनच आत शिरते. बिब्बा आणि आंब्याचा चीक याच कुळातले. असं आत शिरत असल्यामुळे नुसत्या साबण-पाण्याने हे तेल नीट जात नाही, आधी खोबरेल चोळून पुसून काढावं लागतं. काजू फोडणाऱ्या बायकांना हे माहीत असतं. शिबिराला येणारे आमचे तज्ज्ञ मात्र "काम बदला" एवढंच सांगून जातात. कोणतं काम, ते ते सांगत नाहीत.

मीही काही वेगळं केलं नाही. नवी पेशी तळातून वर यायला साधारण चार आठवडे लागतात, वय झालं की आणखी. म्हणून सांगितलं, "काकी, महिनाभर काजू बंद. ठसे आपोआप येतील."

"म्हयनोभर घरात बसलंय तर तेलमीठ खंयसून आणू?"

रेशन महिन्याला आणि कातडीही महिन्याला. अंगठा येईपर्यंत मजुरी बुडणार, आणि मजुरीला गेल्या की अंगठा पुन्हा जाणार. मी दाखला लिहिला, फार विचार करून: दहाही बोटं शाबूत, संवेदना उत्तम, काजूच्या तेलाने ठसे तात्पुरते अस्पष्ट. दुकानदाराने तो वाचला आणि "तात्पुरते" वर बोट ठेवून म्हणाला, मग उठल्यावर या. तो एक शब्द मी का घातला, हे अजून डोक्यातून जात नाही. वैद्यकीय दृष्ट्या तो बरोबरच होता.

जूनच्या पहिल्या पावसात त्या पुन्हा आल्या. पंजे तसेच काळे. फक्त डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली आणि वर रबर. मला वाटलं जखम झाली.

"ह्यां एक बोट सरकाराक ठेवलंय," त्या म्हणाल्या.

दीड महिना त्यांनी नऊ बोटांनी काजू सोलले होते. रोज कामाला बसताना चिंधी बांधायची, संध्याकाळी सोडून खोबरेल लावायचं. आदल्या दिवशी यंत्रावर ते बोट पहिल्याच खेपेला उठलं होतं. यंत्राला दहातलं एक बोट पुरतं, हे मलाही माहीत होतं. तरी ते मला सुचलं नव्हतं.

मी रबर काढून चिंधी सोडली आणि टॉर्च तिरका धरला. पेरावर सऱ्या होत्या, स्पष्ट, वळण घेत गेलेल्या, आणि माथ्यावर घामाचे बारीक थेंब उजेडात चमकत होते. बराच वेळ बघत राहिले. मग चिंधी पुन्हा होती तशी बांधून दिली आणि बाकीच्या नऊ बोटांसाठी मलम लिहिलं.