जांभळी तबकडी आणि तिचे मधले भोक

ब्लॅक सॅबथच्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या १९७१ सालच्या अल्बमची जांभळी, अर्धपारदर्शक तबकडी मी मागवली ती आधी डोळ्यांसाठी, हे कबूल करतो. मूळ वेष्टनावर बँडचे नाव जांभळ्या अक्षरांत आहे, त्यामुळे तबकडीनेही तोच रंग घेतलेला मला शोभून दिसला. पहिली बाजू निर्वेध वाजली. दुसऱ्या बाजूच्या आरंभी 'ऑर्किड' नावाचा केवळ गिटारवर वाजवलेला जेमतेम दीड मिनिटांचा तुकडा आहे. त्यातला प्रत्येक लांबलेला स्वर किंचित चढत होता आणि उतरत होता, जणू वादक पाळण्यात बसून वाजवत असावा.

माझा पहिला तर्क साफ चुकला. बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती आणि या अल्बममधल्या काही गाण्यांसाठी त्याने गिटारच्या तारा तब्बल तीन अर्धस्वरांनी उतरवल्या होत्या, हे मला ठाऊक होते. तेव्हा ढिल्या तारा अशाच डुलत असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. मात्र पुढे 'सॉलिट्यूड' या संथ गाण्यात बासरीही तशीच डुलू लागली, तेव्हा ती समजूत टिकली नाही. मधल्या 'लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड'मध्ये दोष ऐकू आला नव्हता, कारण त्या जाड, खरखरीत आवाजाखाली बरेच काही झाकले जाते.

विक्रेत्याला कळवले, तर उत्तर आले की रंगीत तबकड्यांमध्ये असे चालायचेच. हे उत्तर मला पटले नाही. तबकडीचे प्लास्टिक, म्हणजे पीव्हीसी, मुळात काळे नसतेच. काळेपणा त्यात मिसळलेल्या काजळीचा असतो, म्हणजे काळा हाही घातलेलाच रंग. एका तबकडीत अनेक रंगांचे शिंतोडे असतील किंवा आत चित्र बसवलेले असेल, तर खरखर वाढू शकते, हे मान्य; पण रंगामुळे स्वर वर-खाली होत नाहीत. तो दोष भोकाचा असतो. छापणारा धातूचा साचा यंत्रात नेमका मध्यावर बसला नाही, की खोबणींचे केंद्र एकीकडे आणि भोक दुसरीकडे पडते, आणि मग सुईखालून जाणाऱ्या खोबणीचा वेग प्रत्येक फेऱ्यात कमी-जास्त होतो.

हे सिद्ध करायला फारसे साहित्य लागले नाही. टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, मागे मिलिमीटरच्या रेघा मारलेला पांढरा कागद उभा केला, त्याच्यासमोर फोन ठेवला आणि चित्रीकरण सुरू केले. मिनिटाला सवातेहतीसपेक्षा किंचित अधिक फेरे म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद, टोनआर्मचे डोके छत्तीस सेकंदांत बरोबर वीस वेळा डावी-उजवीकडे झुलले, आणि प्रत्येक झोका सुमारे दोन मिलिमीटरचा होता. म्हणजे भोक मध्यापासून एक मिलिमीटर सरकलेले. केंद्रापासून दहा सेंटिमीटरवरच्या खोबणीत यामुळे स्वर एक टक्का वर आणि एक टक्का खाली जातो. अर्धस्वराचे अंतर सुमारे सहा टक्के असते, त्यामुळे हा आकडा किरकोळ वाटतो, पण लांबलेल्या स्वरात कान तो सोडत नाही. शिवाय सुई आत सरकते तशी त्रिज्या घटते आणि डुलणे वाढते. 'सॉलिट्यूड' अधिक बिघडलेले का वाटले, याचा उलगडा त्यातून झाला.

चित्रफीत पाठवल्यावर पुढचा पत्रव्यवहार दोन ओळींत संपला: बदली प्रत धाडतो, जुनी परत करण्याची आवश्यकता नाही. बदली प्रत आली. अखेरच्या कोऱ्या पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक दोन्ही तबकड्यांवर अक्षरशः एकच निघाला. तो क्रमांक मूळ कर्तनाचा, म्हणजे खोबणी पहिल्यांदा कोरल्या त्या कामाचा असतो, साचा यंत्रात कसा बसवला याचा नव्हे, त्यामुळे त्यावरून काहीच कळणार नव्हते. सुई ठेवली. टोनआर्म स्थिर राहिला. आरंभी थोडी चटचट होती. ती धुतल्यावर गेली.

उरलेल्या पहिल्या तबकडीवर मग मी धाडस केले. भोक गोल कानशीने थोडे रुंद केले, जांभळा भुगा ब्रशने झटकला, आणि आता ती केसभर इकडे, केसभर तिकडे ढकलून टोनआर्मचे झुलणे थांबेपर्यंत हाताने मध्यावर आणतो. दोन-तीन प्रयत्नांत जमते. मात्र पुढची बाजू वाजवायला ती उलटली की सगळे पहिल्यापासून, कारण त्या बाजूचा साचा वेगळा आणि तिचा मध्यही वेगळा. रंगाचा खरा जाच मला वेगळ्याच ठिकाणी झाला: अर्धपारदर्शक जांभळ्यात दोन गाण्यांमधली गुळगुळीत पट्टी दिसतच नाही, म्हणून 'ऑर्किड' वगळून थेट पुढचे गाणे लावायचे, तर मला दिवा तिरपा धरून खाली वाकावे लागते.