लेंवा भाषा: 'वीआ'ची कोंडी फुटली

लेंवा ही लॅटिन शब्दांवर ध्वनिबदलाचे नियम चालवून मी घडवत असलेली कल्पित भाषा. गेल्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात जाहीर केलेला तिचा चौदावा नियम, म्हणजे दोन स्वरांमधले त, द, क, ग गाळण्याचा, या आठवड्यात माझ्यावरच उलटला. नवी यादी ध्वनिबदलाच्या साधनातून काढली, तेव्हा लॅटिन 'वीता' (आयुष्य) आणि 'विया' (रस्ता) हे दोन्ही 'वीआ' होऊन समोर आले. 'रेगेम' (राजा) आणि 'रेते' (जाळे) यांचेही 'रे' झाले आहे, पण ते नंतर पाहू. (लेंवा हे नाव 'लिंग्वा', म्हणजे भाषा, या लॅटिन शब्दावरून आले आहे, आमच्या लेवा बोलीशी त्याचे नाते कोणी जोडू नये.)

नियम मागे घ्यावा, असे दोन दिवस मनात घोळत होते. परंतु महाराष्ट्री प्राकृताने याच वाटेने जाऊन 'कति' आणि 'कवि' या दोहोंचे 'कइ' केले, तरी ती काव्याची भाषा ठरली, हे आठवून हात आवरला. उलगडा घरातच झाला. अहिराणीत 'ळ'चा 'य' होत असल्याने गळा म्हणजे 'गया', आणि गेला म्हणजेही 'गया'. आईच्या बोलण्यात दोन्ही दिवसभर येतात, पण एक नाम आणि दुसरे क्रियापद असल्यामुळे कोणाचाच घोटाळा होत नाही. याउलट नैर्ऋत्य फ्रान्समधल्या गॅस्कनीच्या बोलीत मांजर आणि कोंबडा या दोघांचे 'गात' झाले, आणि एकाच अंगणातले ते दोन प्राणी असल्याने कोंबड्याला आपले नाव सोडून काही ठिकाणी फेजंट पक्ष्याचे नाव घ्यावे लागले, हे भाषाशास्त्रज्ञ गिलिएराँने फ्रान्सच्या भाषिक नकाशांवरून दाखवले होते. माझी दोन्ही 'वीआ' स्त्रीलिंगी नामे आहेत आणि दोन्ही 'लांब' असू शकतात; तेव्हा एकीने हटलेच पाहिजे.

रस्त्यासाठी इटालियन 'स्त्रादा'चे मूळ 'स्त्राता' निवडले होते, पण चौदाव्या नियमाने त्याचे नुसते 'स्त्रा' उरते, जे कानाला अर्धवट वाटते. हे लिहितानाच 'कर्रारिया' सुचले: गाडीची वाट, म्हणजे केळीच्या बागेकडे जाणारी आपली गाडवाट. कॅटलानमधला 'कर्रेर' (गल्ली) त्याच कुळातला आहे. म्हणून रस्ता आता 'करेरा', आणि जुना 'वीआ' फक्त 'मार्गे' या अर्थाने उरेल.

एक कबुली. लॅटिन शब्दकोशाच्या स्कॅन प्रतीत दीर्घ स्वर दाखवणाऱ्या, अक्षरांवरच्या रेघा पुसट आहेत, त्यामुळे 'नुकेम'मधला (कवचफळ) ऱ्हस्व उ, ज्याचा लेंवात ओ होतो, तो मी दीर्घ धरला होता आणि कवचफळ व नागडा ('नूदुम') दोघेही 'नू' झाले होते. दुरुस्त केल्यावर कवचफळाचे 'नो' झाले, आणि तासाभरातच लक्षात आले की 'नोदुम'चे, म्हणजे गाठीचेही, 'नो'च होते. आता फ्रेंचांनी 'कान' या अर्थाच्या शब्दासाठी केले तसे लघुत्वदर्शक ('छोटे अमुक' अशा अर्थाचे) रूप घेऊन 'नुकुला'पासून 'नोल्या' करतो आहे.