बुडापेस्टमध्ये 'किचित' म्हणजे किंचितच

डॅन्यूबवरच्या हिरव्या स्वातंत्र्य पुलाच्या पेस्टकडच्या टोकाला बुडापेस्टची मोठी मंडई आहे. १८९७ सालची इमारत, वर रंगीबेरंगी कौलं आणि आत लोखंडी खांबांवर पेललेलं उंच छत. तळमजल्यावर लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या होत्या आणि त्यांच्याखाली पाप्रिकाच्या, म्हणजे तिथल्या लाल मिरचीपुडीच्या, कापडी पिशव्या रचलेल्या. दोनच शब्द मी पाठ करून गेले होते: 'एदेश' म्हणजे गोड आणि 'चीपोश' म्हणजे तिखट. चीपोशचा मूळ अर्थ चिमटा काढणारं, डसणारं. आपलं 'झोंबतं' ते हेच.

एका पिशवीवर बोट ठेवून मी विचारलं, "चीपोश?"

दुकानदार बाईंनी अंगठा आणि तर्जनी एकमेकींजवळ आणली आणि म्हणाल्या, "किचित."

मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. ठाण्याहून इतक्या लांब येऊन कुणी मला 'किंचित' म्हणालं होतं. हंगेरियनमध्ये 'किची' म्हणजे लहान आणि 'किचित' म्हणजे थोडंसं. आपलं किंचित संस्कृतातून आलेलं आहे. हंगेरियनची नाती फिनिश-एस्टोनियनशी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक भाषांच्या आणि आपल्याही कुळाच्या बाहेरची. तेव्हा हा निव्वळ योगायोग आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी त्या दिवसापासून माझा या भाषेकडे जाण्याचा रस्ता बदलला.

मी पोटासाठी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. निघण्यापूर्वी एका वहीत इंग्रजीतली रोजची क्रियाविशेषणं डावीकडे लिहून घेतली होती: ऑलरेडी, स्टिल, येट, सून, अ‍ॅक्च्युअली. उजवीकडे शब्दकोशातले हंगेरियन शब्द. विशेषणांपासून बनणाऱ्या शब्दांनी फार त्रास दिला नाही. 'द्योर्श' म्हणजे जलद, त्याचं 'द्योर्शॉन'. 'सेप' म्हणजे सुंदर, त्याचं 'सेपेन'. शब्दातल्या स्वरांप्रमाणे प्रत्यय ऑन होतो किंवा एन. भाषांच्या नावांना 'उल' किंवा 'उल'चाच मऊ भाऊ लागतो. मग वाक्य तयार होतं: "एद्य किचित बेसेलेक मॉद्यॉरुल", मी किंचित हंगेरियन बोलते. हे वाक्य मी दहा दिवसांत निदान पन्नासदा वापरलं.

अडलं ते छोट्या शब्दांपाशी. वहीत 'ऑलरेडी'समोर 'मार' होतं आणि 'स्टिल'समोर 'मेग'. मी ज्यांच्याकडे राहत होते त्या बाई सत्तरी ओलांडलेल्या. इथे त्यांना काकू म्हणते. त्यांच्या पिढीला शाळेत रशियन सक्तीची होती, इंग्रजी त्यांना जेमतेम येतं. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकींना आदरार्थी 'ओन' म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी चहा ओतताना त्यांनीच सुचवलं की आता 'ते' म्हणू या, म्हणजे अगंतुगं. तिथे हे वयाने मोठ्या माणसानेच सुचवायचं असतं. मग तिसऱ्या दिवशी मी बूट घालत रेंगाळले तेव्हा दारातून हाक आली, "द्येरे मार!"

द्येरे म्हणजे ये. मग हे ऑलरेडी कशाला? मी वहीतलं इंग्रजी चाळत बसले असते, पण काकूंचा सूर इतका ओळखीचा होता की अर्थ आपोआप कळला. अगं, ये ना एकदाची! मग हा 'मार' जागोजागी ऐकू येऊ लागला. "मोंद मार" म्हणजे सांग की. 'मार नेम' म्हणजे आता नाही, 'मेग नेम' म्हणजे अजून नाही. 'मेग एद्येत' म्हणजे अजून एक, हे लांगोशच्या गाडीवर फार उपयोगी पडतं. (लांगोश म्हणजे तळलेली जाड भाकरी, वर आंबट साय आणि किसलेलं चीज.) इंग्रजीत स्टिल, येट आणि मोअर असे तीन वेगळे शब्द लागतात तिथे हंगेरियन एका 'मेग'वर भागवते आणि मराठी एका 'अजून'वर. मी वहीतली डावीकडची ओळ खोडून तिथे मराठी लिहायला घेतली.

आणि मग कितीतरी गोष्टी सरळ झाल्या. 'मीही'तला 'ही' इंग्रजीत कधी वाक्याच्या शेवटी जातो, कधी मध्ये. हंगेरियनमध्ये तो आपल्यासारखाच शब्दामागून येतो: 'एन इश'. ट्रामने आणि मेट्रोने यांतला 'ने' तिथेही मागेच चिकटतो, 'विल्लॉमोश्शॉल', 'मेत्रोवॉल'. 'अ‍ॅक्च्युअली'साठी शब्दकोशाने 'तुलॉयदोनकेप्पेन' असा भला लांब शब्द दिला होता. काकू म्हणायच्या 'इगॉझाबोल'. 'इगॉझ' म्हणजे खरं. आपलं 'खरं तर'. कसं काय विचारलं की त्या म्हणायच्या 'मेगवॉद्योक', शब्दशः 'आहे', म्हणजे आपलं 'चाललंय'. आभार मानले की 'निंच मित', आपलं 'अहो, त्यात काय'. भविष्यातल्या कुठल्याही बेतावर 'मॉय्द मेगलात्युक'. याला मराठीत एकच शब्द पुरतो: बघू.

इंग्रजीचा आधार घेतल्याने एकदा मात्र मी दुसऱ्याला त्रास दिला आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. बालाटन तळ्याकाठच्या बालाटनफ्युरेदला जायचं ठरलं होतं. काकू म्हणाल्या, देली स्टेशनवर 'फेल न्योल्त्स'ला भेटू. फेल म्हणजे अर्धा, न्योल्त्स म्हणजे आठ. ब्रिटिश इंग्रजीत 'हाफ एट' म्हणजे साडेआठ, म्हणून मी साडेआठला पोचले. काकू थंडीत तासभर फलाटावर उभ्या होत्या. हंगेरियनमध्ये 'अर्धे आठ' म्हणजे आठव्या तासाचा अर्धा भाग झालेला, म्हणजे साडेसात. 'पाऊण आठ' म्हणजे पावणेआठ. पावणेआठ म्हणणाऱ्या माणसाला हे समजायला हवं होतं. मी ओशाळून माफी मागत राहिले आणि त्या एवढंच म्हणाल्या, "नेम बॉय." असू दे.

पुढच्या गाडीत त्यांनी मला विभक्ती शिकवली. 'बुदॉपेश्तेन', बुडापेस्टवर. 'फ्युरेदेन', फ्युरेदवर. पण मुंबई मात्र 'मुंबईबॉन', मुंबईत. परदेशातली शहरं 'आत', हंगेरीतली बहुतेक शहरं 'वर'. देब्रेत्सेन किंवा ग्योरसारखी काही हंगेरीतली असूनही 'आत' जातात आणि ती पाठच करावी लागतात. आपणही मुंबईत असतो पण गावी जातो, ते मला आठवलं. मग काकूंनी कोरोशी चोमा शांदोरचा विषय काढला. भारत म्हटलं की त्यांना पहिला आठवतो तोच. ट्रान्सिल्व्हानियातला हा माणूस मग्यारांचं, म्हणजे हंगेरियन लोकांचं, मूळ शोधत पूर्वेकडे निघाला, लडाखच्या मठांत बसून तिबेटी शिकला आणि १८३४ साली कलकत्त्यात त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश छापून निघाला. ल्हासाला जाताना १८४२ मध्ये तो दार्जिलिंगला वारला, तिथेच त्याची कबर आहे. मठातल्या थंडीत एकेक शब्द टिपून ठेवणाऱ्या त्या माणसाचा विचार करत मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते.

फ्युरेदला तळ्याकाठच्या फिरायच्या रस्त्याला रवींद्रनाथ ठाकुरांचं नाव आहे. १९२६ साली ते तिथल्या हृदयरोगाच्या आरोग्यधामात उपचार घेत होते, तेव्हा त्यांनी एक लिंडनचं झाड लावलं. आम्ही त्या रस्त्याने सावकाश चाललो. 'लॉश्शॉन', काकू म्हणाल्या, गुडघा दुखतोय. लॉश्शॉन म्हणजे हळू, पण 'थोड्या वेळात' या अर्थीही तोच शब्द येतो. काकूंचं "लॉश्शॉन इंदुल्युंक" म्हणजे हळूहळू निघू या. घरी बैठक लांबली की आमची आजी अगदी हेच म्हणायची.

निघायच्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती. निरोप घेताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो, हे मी काकूंना मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं आणि तसंच म्हटलं, "योवोक."

त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि विचारलं, "मिकोर?"

कधी?