दाखल-खारीज रजिस्टरातून शाळेचा इतिहास लिहिताना

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या प्राथमिक शाळेचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा सगळ्यांनी स्मरणिका पुढे केल्या. स्मरणिकेत पाहुण्यांची नावं असतात. पोरं सापडतात ती दाखल-खारीज रजिस्टरात, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांच्या नोंदवहीत, म्हणून आम्ही तिथूनच सुरुवात केली.

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला: कोणती वर्षं पाहायची, कशासाठी, कोण बसणार. रजिस्टर शाळेबाहेर न्यायचं नाही, हेही त्यातच लिहिलं. जातपडताळणीसाठी १९५० किंवा १९६७ पूर्वीची नोंद शोधत लोक आजही शाळेत येतात. एक पान गहाळ झालं तर एखाद्या घराचा पुरावाच जातो.

काम हिवाळ्यातच करावं. मे महिन्यात नागपूरच्या उन्हानं कागद पापडासारखा होतो, घडीवर तुटतो. पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात. झेरॉक्स काढू नये, रजिस्टर उलटं दाबलं की शिवण उसवते. आम्ही खिडकीजवळ ठेवून, फ्लॅश बंद करून मोबाईलनं फोटो काढले. मागच्या बाजूची शाई उमटत असेल तर पानाखाली काळा कागद सरकवायचा. फाटक्या पानाला सेलोटेप अजिबात नको. त्याचा गोंद पिवळा पडतो आणि डाग कायमचा राहतो.

तारीख नसलेल्या पानाचा काळ छापील मथळ्यातल्या राज्याच्या नावावरून कळतो. आधी मध्यप्रांत व वऱ्हाड, १९५० पासून मध्यप्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ नंतर मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. पण जुने छापील कागद संपेपर्यंत वापरले जात. त्यामुळे मथळ्यावरून पान कधीच्या आधीचं नाही एवढंच ठरतं. नवं रजिस्टर सुरू झालं की क्रमांकही कधी कधी पुन्हा १ पासून लागतात, म्हणून नुसता दाखल क्रमांक टिपू नये, सोबत रजिस्टरचं वर्ष हवंच. जन्मतारीख १ जुलै असलेली पोरं ढीगभर निघतात. घरच्यांना तारीख ठाऊक नसली की गुरुजी अंदाजानं वय धरून हीच तारीख घालत. त्या तारखेवरून वयाचे निष्कर्ष काढू नयेत.

आमच्या मते सगळ्यात बोलका रकाना पालकाच्या धंद्याचा. विणकर, मिल मजूर, हमाल, टांगेवाला. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. तिच्या भोवतीचं शहर या एका रकान्यातून उभं राहतं. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतरची पानं तर सावकाश वाचावीत. एका नोंदीत 'हिंदू' लाल शाईनं खोडून वर 'बौद्ध' लिहिलं आहे, बाजूला गुरुजींची सही. एवढ्या चार बोटांच्या जागेत एका घराचा केवढा मोठा निर्णय मावला आहे! अशा नोंदी छापताना मात्र नाव आणि जात एकत्र देऊ नये. ती माणसं किंवा त्यांची मुलं हयात असतात.

मग माजी विद्यार्थी. "कोणत्या साली?" असं विचारलं की ते गोंधळतात. "दीक्षेच्या आधी की नंतर?", "मारबतीची मिरवणूक पाहायला गुरुजी सोडत का?" असं विचारलं की आठवणी जागेवर बसतात. दोघा-तिघांना एकत्र बसवावं, एकमेकांचं चुकलं ते स्वतःच दुरुस्त करतात. त्यांनी सांगितलेलं रजिस्टराशी ताडून पाहायचं आणि जुळलं नाही तर दोन्ही लिहायचं.

काम संपल्यावर रजिस्टरं प्लास्टिकमध्ये न गुंडाळता सुती कापडाच्या बस्त्यात बांधली, कारण प्लास्टिकमध्ये दमटपणा कोंडतो. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. फोटो आणि वर्षवार यादीची एक प्रत शाळेलाच दिली.