येशूच्या पुनरुत्थानाला पुरावा काय? तुम्ही विचारलंत म्हणून

इतिहास शिकवणारी बाई दर रविवारी चर्चमध्ये मिस्सालाही (प्रार्थनाविधीलाही) जाते, हे कळले की लोकांना एक प्रश्न हमखास सुचतो. वसईच्या आमच्या धर्मग्रामातली कॉलेजात जाणारी मुले तो विचारतात, सहकारी प्राध्यापक विचारतात आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले अनोळखी गृहस्थही विचारतात: "येशू मेल्यावर तिसऱ्या दिवशी उठला म्हणता, त्याला इतिहासात पुरावा काय?" विचारणाऱ्यांपैकी काहींना "भरपूर" हे उत्तर हवे असते, काहींना "काहीच नाही" हे. माझे उत्तर दोघांनाही पुरते रुचत नाही, आणि ते दोन वाक्यांत मावतही नाही, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

आधी साधनांविषयी. मराठी वाचकाला बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. सभासदाने १६९७च्या सुमारास जिंजीला बखर लिहिली तेव्हा शिवाजी महाराजांना जाऊन सतरा वर्षे झाली होती. चिटणिसांची बखर तर त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आली. दोन्हींत माहिती आहे, भक्ती आहे आणि ऐकीव गोष्टीही आहेत, म्हणून अभ्यासक त्या टाकून देत नाही. पण त्या काळातले एखादे पत्र हाती लागले तर आधी ते वाचतो. ख्रिस्ती साधनांनाही हाच क्रम लावायला हवा. येशूचे चरित्र सांगणारी चारही शुभवर्तमाने बखरीच्या जवळची आहेत. मार्कचे इ.स. ७०च्या आसपासचे, मत्तय व लूक यांची त्यानंतर दहा-वीस वर्षांनी लिहिलेली आणि योहानाचे पहिल्या शतकाच्या अखेरचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पौल या पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती प्रचारकाची पत्रे मात्र खरोखरीची पत्रे आहेत. ती मुख्यतः इ.स. ५० ते ६० या काळातली, म्हणजे येशूला क्रूसावर दिल्यानंतर (ते वर्ष ३० किंवा ३३) दोन-तीन दशकांच्या आतली आहेत. त्यांत पैशांचा हिशेब आहे, भांडणे आहेत, रागही आहे.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल एक पाठ केलेले सूत्र उद्धृत करतो. मला जे मिळाले तेच मी तुम्हांला सोपवले, असे सांगून तो म्हणतो की ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मेला, त्याला पुरले, तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला, आणि तो केफाला (म्हणजे शिष्य पेत्राला) व नंतर बारा शिष्यांना दिसला. हे पत्र त्याने ५४च्या सुमारास इफिसहून लिहिले, पण सूत्र त्याहून बरेच जुने आहे. पुनरुत्थान स्वतः नाकारणारे जर्मन अभ्यासक गेर्ड ल्यूडेमान यांनीही त्याचा काळ येशूच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत धरला आहे. तेव्हा ही श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या फुगत गेलेल्या दंतकथेतून निर्माण झाली, हा आक्षेप येथे टिकत नाही. सूत्र लवकरचे आहे म्हणून ते खरेही आहे, असे मात्र ठरत नाही.

या सूत्रात दोन वेगळ्या जातींचे दावे एकाच दमात केलेले आहेत, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. "ख्रिस्त मेला" हे तपासता येते. "आपल्या पापांबद्दल" मेला, हे कोणत्याही दफ्तरखान्यात कधीच तपासता येणार नाही. रोमन सुभेदाराने त्या दिवशीची संपूर्ण नोंद लिहून ठेवली असती तरीही नाही. त्यामुळे "ख्रिस्ती धर्म इतिहासाने सिद्ध होतो" असे सांगणारे व्हिडिओ पाहून आलेल्या मुलांना मी आधी एवढेच विचारते, की कोणता भाग?

मृत्यूविषयी फार वेळ घालवण्याची गरज नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस याने ११६च्या सुमारास, इ.स. ६४मधील रोमच्या आगीसंबंधी लिहिताना, तिबेरिय बादशहाच्या कारकिर्दीत पंतय पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिल्याचे नोंदवले आहे. ख्रिस्ती पंथ त्याला घातक अंधश्रद्धा वाटतो, त्यामुळे तो पक्षपात करील ही शंका घेता येत नाही. मात्र ही माहिती त्याला खुद्द ख्रिस्ती लोकांच्या सांगण्यातून मिळाली असेल, ही शंका घेता येते. तो पिलाताला जे पदनाम देतो ते पुढच्या काळातले आहे. १९६१मध्ये कैसरियाच्या नाट्यगृहात पुन्हा वापरलेला एक दगड सापडला, त्यावरील लॅटिन लेखात पिलाताचे वेगळे, त्या काळाला जुळणारे पद कोरलेले आहे. टॅसिटसने सरकारी दफ्तर पाहून लिहिले, या म्हणण्याला त्यामुळे फारसा आधार उरत नाही.

योसेफस हा यहुदी इतिहासकार अधिक महत्त्वाचा. ९३-९४च्या सुमारास लिहिलेल्या त्याच्या ग्रंथात येशूवर एक परिच्छेद आहे, पण त्यात नंतरच्या ख्रिस्ती नकलकाराने हात मारला आहे, हे उघड दिसते. "हा ख्रिस्त होता" असे वाक्य न बाटलेला यहुदी लिहिणार नाही. बहुसंख्य अभ्यासक त्यातला गाभा खरा व भर नंतरची मानतात. माझी भिस्त त्याच ग्रंथातील दुसऱ्या, ओझरत्या उल्लेखावर आहे. इ.स. ६२मध्ये एक सुभेदार मेला आणि दुसरा पोहोचायचा होता, त्या मधल्या काळात अनान या प्रमुख याजकाने "ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ" याकोब याला दगडमार करून मारवले आणि त्यापायी स्वतःचे पद गमावले. येथे योसेफसला अनानाची हकिगत सांगायची आहे. येशूचे नाव केवळ कोणता याकोब ते कळावे म्हणून आले आहे. असे जाता जाता आलेले नाव कोणी मुद्दाम घुसडत नाही. ज्या माणसाचा भाऊ असा नोंदला गेला, तो माणूसच झाला नाही, असे म्हणणारे या विषयाच्या अभ्यासकांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

पुरण्याचा मुद्दा अधिक रंजक आहे. रोमन लोक क्रूसावरची प्रेते बहुधा गिधाडांसाठी ठेवत किंवा खड्ड्यात टाकत, तेव्हा शुभवर्तमानांत येशूला जिच्यात ठेवतात ती अरिमथाईकर योसेफाची कबर ही कल्पित गोष्ट असावी, असा एक सबळ आक्षेप आहे. १९६८मध्ये यरुशलेमच्या उत्तरेकडील गिवात हामिवतार येथे खडकात कोरलेल्या कबरींत एक अस्थिपेटी सापडली. त्यात यहोहानान नावाच्या माणसाची हाडे होती, आणि त्याच्या उजव्या टाचेच्या हाडात सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांबीचा लोखंडी खिळा तसाच होता. खिळ्याचे टोक वाकलेले असल्याने तो निघाला नसावा आणि नातलगांनी हाड खिळ्यासकट पेटीत ठेवले असावे. क्रूसावर दिलेल्या एका यहुदी माणसाला घरच्यांच्या कबरीत रीतसर जागा मिळाली, एवढे यावरून ठरते. क्रूसावर दिलेल्यांनाही यहुदी लोक सूर्यास्तापूर्वी उतरवून पुरतात, असे योसेफसही लिहितो. म्हणजे येशूच्या बाबतीत तसे घडणे शक्य होते, एवढे म्हणता येते. ते घडलेच, हे त्या टाचेवरून सांगता येत नाही.

रिकाम्या कबरीबाबत एक युक्तिवाद मला फार आवडतो आणि म्हणूनच मी त्याच्यापासून सावध राहते. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरीच्या पहिल्या साक्षीदार स्त्रिया आहेत, मग्दालीया मरीया त्यांत प्रत्येक ठिकाणी. स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये, असे त्याच काळात योसेफस स्वच्छ लिहितो. गोष्ट रचायची असती तर पेत्राला कबरीवर पोहोचवणे किती सोपे होते! पण उलट बाजूही आहे. पुरुष शिष्य पळून गेले होते, असे मार्क आधीच सांगून बसला आहे, आणि प्रेताला सुगंधी द्रव्ये लावायला जाणार त्या स्त्रियाच. त्यामुळे कथेच्या ओघातही त्याच येतात. शिवाय मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखित प्रती जेथे थांबतात, तेथे या स्त्रिया भीतीने पळून जातात आणि कोणाला काही सांगत नाहीत. पौलाच्या सूत्रात तर त्यांचा उल्लेखच नाही. कबर रिकामी सापडली हे मला अधिक संभाव्य वाटते, पण हे मत मी पैज लावून मांडणार नाही.

"दिसला" या शब्दापाशी पुरावा पुन्हा बळकट होतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की मन पालटल्यावर तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला, केफाजवळ पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब याखेरीज दुसऱ्या प्रेषिताला भेटला नाही. पुढच्याच ओळीत, मी लिहितो ते देवासमक्ष, खोटे नाही, अशी तो शपथ घेतो. आपण यरुशलेमच्या पुढाऱ्यांचे मिंधे नाही हे त्याला दाखवायचे आहे, त्यामुळे ही भेट लांबवून सांगण्यात त्याचा काही फायदा नाही. तरी पंधरा दिवस तो कबूल करतो. म्हणजे "मला येशू दिसला" असे म्हणणारा आणि आधी या पंथाचा छळ करणारा माणूस, "मला येशू दिसला" असे म्हणणाऱ्या केफाला व याकोबाला त्या घटनेनंतर काही वर्षांतच प्रत्यक्ष भेटला आणि ते स्वतःच्या हाताने लिहून गेला. प्राचीन इतिहासात इतके जवळचे साधन क्वचित मिळते. या माणसांना काहीतरी अनुभव आला आणि तो येशूच होता अशी त्यांची प्रामाणिक खात्री होती, हे आज ख्रिस्ती नसलेले बहुतेक अभ्यासकही मान्य करतात.

तो अनुभव कशाचा होता, येथे मात्र इतिहासाची वाट संपते. जवळचे माणूस गेल्यावर ते दिसते, बोलते, हा अनुभव जगभर नोंदला गेला आहे. तो केफाला लागू पडेल, छळ करणाऱ्या पौलाला लावताना ओढाताण होते. नेता पडला तरी श्रद्धा नवे रूप घेऊन टिकते, याचे उदाहरण म्हणून शब्बताई झ्वीकडे बोट दाखवतात. १६६६मध्ये या स्वयंघोषित मशीहाने इस्लाम स्वीकारला, तरी त्याचे काही अनुयायी त्याला सोडून गेले नाहीत. दुसरीकडे, पहिल्या-दुसऱ्या शतकांतले थुदास किंवा बार कोखबा हे यहुदी पुढारी मारले गेल्यावर त्यांचा कोणी अनुयायी ते उठल्याचे सांगत आला नाही. यांतला कोणताही खुलासा पूर्ण बसत नाही, पण खुलासा अपुरा आहे म्हणून चमत्कार सिद्ध झाला, असे म्हणण्याची मुभा माझ्या विषयात नाही. तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाविषयी वर्गात बोलताना मी भक्तांची श्रद्धा व तिचा काळ सांगते आणि पुढचा निर्णय देत नाही. माझ्या घरच्या देवाला मी वेगळे माप कसे लावू?

येशू काश्मीरला आला होता का, हा प्रश्नही याच ओघात येतो, त्याला चटकन उत्तर देते. येशू क्रूसावर मेलाच नाही, तो श्रीनगरला आला आणि रोझाबल येथे पुरला गेला, हे मत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी मांडले. त्याच सुमारास, १८९४मध्ये, नोटोविच या रशियन प्रवाशाने लडाखच्या हेमिस मठात येशूचे चरित्र सापडल्याचे छापले; पुढच्याच वर्षी आग्र्याहून एक प्राध्यापक तेथे गेले, तेव्हा मठाच्या प्रमुखांनी असे काही नसल्याचे सांगितले. क्रूसावरून जिवंत सुटण्याविषयी योसेफसचाच एक अनुभव आहे: त्याच्या विनंतीवरून तीन ओळखीच्यांना क्रूसावरून उतरवून त्यांच्यावर उपचार केले गेले, तरी दोघे दगावले. आमच्याकडेही बर्थोलोम्यू प्रेषित कल्याणला आला होता असे अभिमानाने सांगतात. त्याचा आधार चौथ्या शतकातल्या युसेबियस या ख्रिस्ती इतिहासकाराच्या एका ऐकीव वाक्यापलीकडे जात नाही, आणि त्यात कल्याणचे नावही नाही.

येशूला देव मानणे ही चौथ्या शतकातील निकेया येथील ख्रिस्ती धर्मपरिषदेने केलेली भर आहे, असेही पुष्कळांना वाटते. ते चूक आहे. ११२च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी बादशहा त्रायानला कळवतो, की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देवासारखे मानून स्तोत्र म्हणतात. ही माहिती काढायला त्याने त्यांच्यात सेविका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळ केला. येशू देव आहे की नाही हे यावरून ठरत नाही, पण त्याला देव कधीपासून मानू लागले हे बरेचसे ठरते.

मग मी स्वतः मानते का? मानते; त्यात माझे घर, माझी प्रार्थना आणि पौलाची ती पत्रे या सर्वांचा वाटा आहे, आणि त्या मानण्याची बेरीज मी पुराव्याच्या रकान्यात करत नाही. माझ्या बाजूची माणसे ज्या ओळीवर सर्वाधिक भर देतात, ती मात्र मला आजही अडते. येशू एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधूंना दिसला, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असे पौल करिंथकरांस लिहिलेल्या पत्राच्या त्याच पंधराव्या अध्यायात लिहितो. काहीजण ही घटना मत्तयाच्या शेवटी येणाऱ्या गालीलातल्या डोंगरावरची मानतात, पण तेथे मत्तय अकराच शिष्यांचा उल्लेख करतो. काहीजण ती पन्नासाव्या दिवसाची (पेंटेकॉस्ट सणाची) मानतात, पण त्या वर्णनात अग्नीच्या जिभा आहेत, वारा आहे, येशू दिसल्याचे नाही. पाचशे माणसांनी पाहिलेली घटना चारांपैकी एकाही शुभवर्तमानकाराने का घेतली नाही, याचे मला पटेल असे उत्तर कोणी दिलेले नाही.