तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी सजवलेली बोट बर्फात कशाला न्यायची?

गेल्या गणपतीत पाच दिवस सावंतवाडीला होते. पाच दिवसांत नऊ जणांनी हाच प्रश्न विचारला. आरतीनंतर प्रसाद हातात घेता घेता, मोबाइलवरचे फोटो बघता बघता. "एवढा दगड, एवढं लाकूड, भिंतींना चामडं, आणि हे सगळं न्यायचं ते अंटार्क्टिकाला? कशाला?" काहींना खरंच कुतूहल असतं. काहींच्या प्रश्नात दुसराच प्रश्न असतो: तुझ्यासारख्या मुलीनं अब्जाधीशांच्या चैनीसाठी का राबावं? मी दोन्ही वेळा हसून "कामच आहे ते" म्हणते आणि विषय बदलते. अकरा वर्षं बदलतेय. आता एकदा नीट सांगते.

आधी "सजावट" हा शब्द बाजूला ठेवा. दूरच्या, बर्फाळ समुद्रांत जाणाऱ्या खासगी मोहिमेच्या यॉट बांधणाऱ्या यार्डात मी बोटींचं आतलं काम आखते. तिथे भिंतीवर चढणारी प्रत्येक वस्तू आधी काट्यावर चढते. पडदा, बिजागरी, दिव्याची काच, सगळ्यांची वजनं एका पत्रकात लिहिली जातात. मोहिमेच्या यॉटचा सगळा हिशेब पल्ल्याचा असतो. आमची ७० मीटरची बोट १२ नॉट वेगानं (तासाला १२ सागरी मैल) ६,००० सागरी मैल जाते, म्हणजे ११,००० किलोमीटरच्या थोडं वर. मुंबईहून निघून वाटेत थेंबभर तेल न घेता केपटाउन गाठावं आणि तरी टाकीत तेल उरावं, एवढा हा पल्ला. पण तो १२ नॉटलाच. मालकाला घाई झाली आणि १६ नॉटनं जायचं ठरलं, तर इंजिनाला जवळजवळ अडीच पट ताकद लावावी लागते आणि नकाशावर पल्ला दाखवणारं वर्तुळ अर्ध्याच्या आसपास आक्रसतं.

आणि इंजिन बंद असलं तरी तेल जळतच असतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. बोट बर्फाळ खाडीत नांगरावर उभी असते, बाहेर शून्याखाली तापमान, आत १२ पाहुणे आणि २२ कर्मचारी. खोल्या गरम ठेवायच्या, खिडक्यांच्या काचांवर दव धरू द्यायचं नाही, समुद्राचं पाणी गोडं करायचं, रोजच्या चादरी धुवायच्या. जागच्या जागी उभी राहून ती दिवसाला दीड हजार लिटर डिझेल पिते. न्हाणीघराची फरशी पायाला कोमट लागावी असं मी कागदावर लिहिते तेव्हा मी पल्ल्यातले मैल खर्च करत असते. हे शिकायला मला तीन वर्षं लागली.

म्हणून फोटोत दिसतो तो दगड फक्त ५ मिलिमीटर जाडीचा असतो, खाली ॲल्युमिनियमची मधाच्या पोळ्यासारखी पोकळ पाटी. लाकूड म्हणजे कागदासारखा पातळ पापुद्रा. वरच्या मजल्यावर खरा जाड दगड घातला तर बोटीचा भार वर सरकतो, ती लाटेवर झुकली की सरळ व्हायला वेळ घेते. जमीन रबरी बुडांवर तरंगती ठेवतात, इंजिनाची घरघर झोपणाऱ्याच्या उशीपर्यंत पोचू नये म्हणून. ध्रुवाकडची हवा इतकी कोरडी की ती आत घेऊन गरम केली की लाकूड आकसतं आणि सांधे उघडतात. म्हणून हवेत ओलावाही सोडावा लागतो, आणि तो जास्त झाला की काचेमागे पाणी.

या सगळ्यात मला सर्वांत आवडते ती खोली फोटोत कधी येत नाही. चिखलाची खोली. बर्फावरून परतलेल्या माणसांनी बूट काढायची, घासायची, जंतुनाशकात बुडवायची जागा. किनाऱ्यावर उतरण्यापूर्वीही कपड्यांच्या शिवणी, बॅगांचे वेल्क्रोचे चिकटपट्टे झटकून बघावे लागतात, कारण कुठल्या तरी गवताचं एक बी तिथे पोचलं तर पुरे. या खोलीला चार नाल्या, गरम बाकं, हातमोजे वाळवायच्या नळ्या. मी तिथलं बाक सहा वेळा बदललं. वाकून बूट काढणाऱ्या साठीच्या माणसाच्या पाठीला टेकायला काही हवं, एवढ्यासाठी.

तर "कशाला" याचं माझं ठरलेलं उत्तर होतं. दूर जाणं एक आणि दूर राहणं वेगळं. राहायचं तर माणसाला झोप हवी, कोरडे पाय हवेत, गरम जेवण हवं, एकमेकांपासून लपायला कोपरा हवा. आतलं काम म्हणजे ते. आणि मग मी 'ऑक्टोपस'चं नाव घेत असे. २००३ साली पाण्यात उतरलेली, १२६ मीटरची, मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांची तेव्हाची यॉट. दुसऱ्या महायुद्धात बुडालेली 'मुसाशी' ही प्रचंड जपानी युद्धनौका २०१५च्या मार्चमध्ये फिलिपिन्सजवळच्या समुद्रतळाशी सापडली ती या बोटीवरून. त्याच वर्षी 'हूड' या ब्रिटिश युद्धनौकेची घंटा समुद्रतळावरून वर आणली तीही हिच्यावरूनच. बघा, म्हणजे नुसती चैन नाही.

हे उत्तर मी डिचोलीच्या मामापुढे एकदा दिलं. मामा शांतपणे म्हणाला, "दिवाडीला बांधलेली 'म्हादई' बघितलीस ना गो तू? १७ मीटरची. त्या होडीतून दिलीप दोंदे एकटे जग फिरून आले. मग अभिलाष टॉमी पाच महिने कुठेही न थांबता गेले, केप हॉर्नला वळसा घालून. त्यांना कोमट फरशी लागली काय?"

नाही लागली. यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आताही नाही. ते नौदलाचे तयार खलाशी होते आणि आमचे पाहुणे तसे नसतात, एवढंच म्हणता येतं. आणि 'ऑक्टोपस'बद्दलही खरं सांगायचं तर मी ज्या बोटींवर काम केलं त्यांतल्या एकीनंही काही शोधलेलं नाही. पेंग्विन बघितले, हिमनगांचे फोटो काढले, परत आल्या.

पण मामाच्या प्रश्नानं मी हलले नव्हते. हलले त्याच्या आधीच, आणि ते मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या त्या ७० मीटरच्या बोटीच्या पुढच्या बाजूला, वरच्या मजल्यावर, समुद्र बघत बसायचं दालन आहे. तिन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत काच. मालकाच्या डिझायनरला तिथे काहीच मध्ये नको होतं. सोफ्यापासून बारपर्यंत साडेपाच मीटर मोकळी जागा, आणि मधोमध ट्रॅव्हर्टाइन दगडाचं बुटकं टेबल. मी पहिल्या नकाशात छताला हातानं धरायची दांडी दाखवली होती, आणि टेबलाच्या कडेला उंच काठपट्टी, वस्तू घसरू नयेत म्हणून. दांडीनं दृश्य तुटतं म्हणाले. काठपट्टीनं दगड जाड दिसतो म्हणाले. बरं, निदान कडा गोल करू, मी म्हटलं. तीन बैठका झाल्या. शेवटी कडा काटकोनात, धारदार, जशी चित्रात होती तशीच राहिली. त्या नकाशावर मंजुरीची सही माझी आहे.

माझे बाबा सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी करायचे. लहानपणी माझं काम एकच, पॉलिश कागदानं कडा घासणं. मी कंटाळून एखादं चाक तसंच खाली ठेवलं की बाबा अंगठा फिरवून परत माझ्याकडे सरकवायचे. "धार मोड गो बाये, पोराक लागतली." दिवसातून शंभर वेळा. सही करताना ते आठवलं होतं का? आठवलं होतं. मुद्दाम सांगते, कारण नंतर मी बरेच दिवस स्वतःला पटवत होते की घाईत राहून गेलं.

नवी बोट पहिलं वर्षभर हमीत असते, त्यामुळे यार्डाचं एखादं माणूस बरोबर जातं. मी गेले होते. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उश्वायाहून पहाटे निघालो, बीगल खाडीतून बाहेर पडलो आणि ड्रेक पॅसेज, म्हणजे अंटार्क्टिकाच्या वाटेवरचा खवळलेला समुद्र, सुरू झाला. पाहुणे आपापल्या खोल्यांत. मी हातात वही घेऊन कुठला सांधा करकरतो ते ऐकत फिरत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास त्या दालनात होते, सोफ्याच्या पाठीला धरून. बारमागून एक स्टुअर्डेस, पाहुण्यांची उठबस बघणारी मुलगी, निघाली, तेवीस वर्षांची, पाहुण्यांच्या मुलीसाठी आल्याचा चहा घेऊन. उजवीकडून एक मोठी लाट आली. बोटीच्या बुडाला पंख असतात, ते डोल बराचसा मारतात, पण सगळा नाही. नंतर नोंदीत बघितलं, बोट २४ अंश कलली होती.

ती मधोमध होती. तिनं कप सोडला आणि हात वर केला. वर. छताकडे. जिथे दांडी असायला हवी होती तिथे. मग ती तिरकी पडली आणि पुढचा हात टेबलाच्या कडेवर आला, त्यावर चेहरा.

इथवर सांगणं सोपं आहे. पुढचं असं की पहिल्यांदा मी दगडाकडे पाहिलं. कोपरा फुटला का, पाटीपासून सुटला का, हे पाहिलं. एक क्षण असेल, त्याहून कमीही असेल. पण आधी दगड आणि मग ती, हा क्रम माझ्या डोळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर मी धावले, रक्त दाबून धरलं, ओरडून लोकांना बोलावलं, सगळं केलं. क्रम बदलत नाही.

हाताची दोन्ही हाडं मोडली होती, भुवईपासून गालापर्यंत चीर. बोटीवर उपचाराची चांगली खोली आहे, तिचे कप्पेही आम्हीच आखलेले. उपग्रहावरून डॉक्टर बोलत होते, प्रथमोपचार शिकलेल्या एका अधिकाऱ्यानं टाके घातले. पण बोटं गार पडत चालली होती, ऑपरेशन लागणार होतं. कॅप्टननं नकाशा बघितला. मागे उश्वाया ३४ तास. पुढे अंटार्क्टिकाजवळचं किंग जॉर्ज बेट १३ तास, तिथे चिलीच्या तळाची धावपट्टी आहे, चिलीतल्या पुंता अरेनासहून विमान येऊ शकतं. पुढे गेलो. बेटावर धुकं. विमान दोन दिवस उतरू शकलं नाही.

ते दोन दिवस मी तिच्या बिछान्याशेजारी बसले होते. छताकडे बघत ती एकदा म्हणाली, ही खोली किती शांत आहे. रबरी बुडांवरची जमीन, दुहेरी भिंत. मीच केलेली शांतता. या बोटीच्या माहितीपत्रकात एक ओळ माझी आहे: ४० दिवस कुठल्याही बंदराची गरज नाही. लिहिताना मला त्या ओळीचा अभिमान वाटला होता. तिच्यासाठी त्या ओळीचा अर्थ एवढाच होता की आपण दवाखान्यापासून फार लांब आलो आहोत.

दरम्यान मालकाच्या माणसानं मला बोलावलं. टेबलावर डाग पडलाय, जाईल का? ट्रॅव्हर्टाइनला छिद्रं असतात, आम्लाचं काही लावलं तर दगड खातं. मी हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप करून लावला, प्लॅस्टिकनं झाकला, रात्रभर ठेवला. डाग गेला. माझ्या कामात मी चांगली आहे.

तिचा हात वाचला, पण दोन बोटं पुरती वळत नाहीत. ती परत समुद्रावर गेली नाही. मी तिला दोनदा लिहिलं. दोन्ही पत्रांत तब्येतीची चौकशी होती, सहीचा उल्लेख एकातही नाही. तिनं मनापासून आभार मानले. ते उत्तर मला पुन्हा वाचवत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, मग सोड हे काम. तेव्हाची मीही हेच म्हणत होते. परतल्यावर राजीनामा लिहून ठेवला होता. दिला नाही, आणि याची कारणं मी दर वर्षी वेगळी सांगते. कधी म्हणते, मी नसते तर ती दांडी पहिल्या नकाशातही आली नसती. हे खरं आहे. पण त्याच नकाशावर शेवटची सहीही माझीच आहे, हेही खरं. कधी म्हणते, घरचं कर्ज होतं. तेही होतं. आणि एक कारण सांगायला जड जातं: मला हे काम आवडतं. पहाटे हिमनगांमध्ये बोट उभी असते, काचेवर दव नसतं, आत कुणी अनवाणी चालतंय आणि पावलांचा आवाजही होत नाही, तेव्हा मला वाटतं की हे माणसाच्या हातानं झालंय आणि चांगलं झालंय. त्या मुलीचा हात आठवत असतानाही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं, आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही.

त्या दालनात आता छताला दांडी आहे. पितळेची, वर चामडं शिवलेलं. पहिल्याच डागडुजीत बसवली. टेबल तेच आहे, कडाही तीच.

सध्या नव्या बोटीचं काम चालू आहे. ८२ मीटर, पल्ला ७,००० मैलांवर, पुढे तसंच काचेचं दालन. दांडी मी सुरुवातीपासून नकाशात दाखवली आहे, आणि डिझायनरकडून परत आलेल्या चित्रात ती नाही. टेबलाची कडा त्यांनी २ मिलिमीटर गोल दाखवलीय. मी १२ लिहून, दांडी पुन्हा दाखवून, सही न करता नकाशा परत पाठवलाय. मंगळवारी बैठक आहे. बाबांना फोनवर टेबलाचं चित्र दाखवलं. त्यांनी पडद्यावर अंगठा फिरवला.